हक्काची मान्यता आणि आदेशाची मर्यादा : ओल्गा टेलिस निकालाचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

न्यायालये कायदा केवळ लागू करीत नाहीत, तर तो घडवतातही, हे विधान राज्यशास्त्र व विधी या दोन्ही विषयांच्या अध्यापनात रूढ झाले आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ जे निकाल उद्धृत केले जातात, त्यांत ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ (१९८५) हा निकाल अग्रभागी असतो. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यात सांगितले. वर्गात हा निकाल बहुधा एवढ्या एका वाक्यापुरताच शिकवला जातो. परंतु प्रत्येक निकालाला दोन अंगे असतात : न्यायालयाची कारणमीमांसा आणि न्यायालयाचा आदेश. या निकालाची कारणमीमांसा पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. सार्वजनिक धोरणाची पुढील वाटचाल मात्र त्याच्या आदेशाशीच अधिक जुळते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कारणमीमांसा

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. तिच्याविरुद्धचे प्रकरण प्रथम उच्च न्यायालयात व नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयात पदपथवासीयांच्या वतीने असे मान्य करण्यात आले होते की, पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही. ही कबुली त्यांच्यावर बंधनकारक आहे, असा महानगरपालिकेचा आक्षेप होता. मूलभूत हक्क व्यक्तीला सोडून देता येत नाहीत, असे सांगून सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो फेटाळला.

त्यानंतरचा युक्तिवाद अधिक मोलाचा आहे. माणसे कामाच्या ठिकाणाजवळ राहता यावे म्हणून पदपथावर राहतात. तेथून हटवले की काम जाते आणि काम गेले की जगण्याचे साधन जाते. हे कार्यकारण न्यायालयाने स्वीकारले. अनुच्छेद ३९(अ) व ४१ या मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकाशात अनुच्छेद २१चा अर्थ लावण्यात आला. हे लोक गुन्ह्याच्या हेतूने आलेले घुसखोर नसून आर्थिक अपरिहार्यतेने तेथे आले आहेत, हेही न्यायालयाने स्पष्टपणे नोंदविले.

आदेश

एवढ्या व्यापक भूमिकेनंतर प्रत्यक्षात मिळाले ते पाहू. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ अन्वये आयुक्तांना पदपथावरील अतिक्रमण नोटीस न देता हटवता येत होते. न्यायालयाने हे कलम वैध ठरविले; मात्र नोटीस न देणे हा अपवाद असावा, नियम नव्हे, असा त्याचा अर्थ लावला. या अर्थानुसार पदपथवासीयांना आयुक्तांपुढे म्हणणे मांडण्याची संधी मिळावयास हवी होती. तथापि ही संधी आमच्यासमोरील सुनावणीत पुरेशी मिळाली आहे, असे म्हणून न्यायालयाने ती पायरी वगळली. कायद्याच्या तात्त्विक प्रश्नावरील सुनावणी आणि प्रत्येक कुटुंबाच्या परिस्थितीची चौकशी या दोन भिन्न गोष्टी होत. येथे पहिलीने दुसरीची जागा घेतली.

झोपड्या ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, हटवू नयेत असा आदेश झाला. ज्यांच्याकडे १९७६च्या गणनेची ओळखपत्रे होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही सांगण्यात आले; परंतु ती देणे ही हटविण्याची पूर्वअट नव्हती. येथे विसंगती स्पष्ट होते. कारणमीमांसेत हक्क माणसाला आहे. आदेशात आधार ओळखपत्राला आहे. १९७७ साली आलेल्या मजुराची उपजीविका १९७५ साली आलेल्या मजुराहून कमी मोलाची का, याचे उत्तर कारणमीमांसेत सापडत नाही.

धोरणावरील प्रभाव

गणनेची तारीख न्यायालयाने निर्माण केली नव्हती, ती शासनाचीच होती. न्यायालयाने तिला मान्यता दिली एवढेच. पण महाराष्ट्रातील झोपडपट्टीविषयक धोरण पुढे याच पात्रतेच्या तारखेभोवती फिरत राहिले : प्रथम १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २०००. हक्काच्या भाषेचे मात्र असे सातत्य दिसत नाही. दिल्लीच्या घनकचऱ्यासंबंधीच्या अल्मित्रा पटेल प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानेच, अतिक्रमण करणाऱ्यास मोफत पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणे होय, अशा आशयाचे मत व्यक्त केले. १९८५च्या ‘अपरिहार्यते’पासून हा प्रवास दूरचा आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने मनमानी पाडकामाविरुद्ध देशव्यापी निर्देश दिले. निवारा हा अनुच्छेद २१चा भाग मानून किमान १५ दिवसांची नोटीस आवश्यक ठरविण्यात आली. हे निर्देश स्वागतार्ह आहेत. परंतु रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा व जलाशय येथील अनधिकृत बांधकामांना ते लागू नाहीत. घटनापीठाचा जुना निकाल यामुळे रद्द होत नाही, हे खरे. तरीही ज्या पदपथावरून या हक्काची चर्चा सुरू झाली, तोच पदपथ नव्या संरक्षणाच्या बाहेर राहिला.

आक्षेपाचा विचार

न्यायालय जमीन देऊ शकत नाही, अंदाजपत्रक करू शकत नाही आणि पदपथ पादचाऱ्यांसाठीच असतात, असा आक्षेप येथे घेता येईल. तो निराधार नाही. मात्र कायद्यातील पोकळी असताना न्यायालय कार्यवाहीयोग्य आदेश देऊ शकते, हे विशाखा प्रकरणाने (१९९७) दाखविले. कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असावी हा त्यातील निर्देश महाविद्यालयांनाही लागू झाला आणि २०१३ साली त्याचा कायदा झाला. तेथे कर्तव्य कोणाचे व ते कसे पार पाडावयाचे, हे आदेशातच होते. ओल्गा टेलिस प्रकरणात जमीन नव्हे, निदान कुटुंबनिहाय सुनावणी देणे न्यायालयाच्या आवाक्यात होते.

निष्कर्ष

ओल्गा टेलिस निकालाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. कलम ३१४ला नोटिशीचा लगाम लागला, तो या निकालामुळेच. परंतु न्यायालयीन निकालाचा धोरणावरील प्रभाव त्यातील उदात्त विधानावरून नव्हे, तर त्याच्या अखेरच्या आदेशावरून मोजावयास हवा. म्हणून हा निकाल शिकविताना उपजीविकेच्या हक्काचा परिच्छेद आणि ३१ ऑक्टोबरच्या मुदतीचा परिच्छेद, दोन्ही विद्यार्थ्यांसमोर एकत्र ठेवणे आवश्यक आहे. हक्क मान्य झाला आणि झोपडी हटविण्याची परवानगीही मिळाली, या दोन गोष्टी एकाच निकालात कशा नांदू शकल्या, हा प्रश्न त्यांना तेथूनच पडेल.