वॉर्डातील निनावी चेहरे

व्यंगचित्र म्हटले की हसू आलेच. आणि मनोरुग्णाच्या वाट्याला आलेले हसू बहुधा क्रूरच असते. डॅरिल कनिंगहॅम या ब्रिटिश चित्रकाराचे 'सायकिअ‍ॅट्रिक टेल्स' (२०१०) हे पुस्तक म्हणूनच मोलाचे वाटते. मनोरुग्णांच्या वॉर्डात साहाय्यक म्हणून काम करताना त्याने जवळून पाहिलेले स्मृतिभ्रंश, स्किझोफ्रेनिया, आत्महत्या हे विषय येथे काळ्या-पांढऱ्या चौकटींतून उलगडतात. चित्रे अगदी साधी आहेत. पण आजार म्हणजे स्वभावदोष नव्हे, हे त्या साधेपणामुळेच मनाला पटते. अखेरच्या कथेत लेखक स्वतःचेच नैराश्य सांगतो, तेव्हा रुग्ण आणि शुश्रूषा करणारा यांतील भिंत कोसळते.

एक प्रकरण मात्र खटकते. चर्चिल, ज्यूडी गार्लंड अशा नामवंतांचे दाखले देऊन तो मनोरुग्णांची थोरवी पटवू पाहतो. मग ज्याच्या हातून थोर असे काहीच घडले नाही, त्याचे मोल कमी का? पाहुणे आले की मागच्या खोलीत लपवला जाणारा आपला भाऊ चर्चिल नसतो. तरीही तो देवाच्याच प्रतिरूपाचा असतो. वॉर्डातील निनावी चेहरे रेखाटणाऱ्या कनिंगहॅमच्या हाताला हे उमगले आहे. म्हणून पुस्तक मिटल्यावरही तेच चेहरे आपली सोबत सोडत नाहीत.