जुन्या भिंगाची धूसरता

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर मावळत्या सूर्यासमोर जुने भिंग धरले, की चित्रावर पांढुरका पडदा येतो. हौशी छायाचित्रकार त्यालाच ‘जुना काळ’ म्हणतात. कारण साधे आहे: लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. त्यात काळ कुठे आला?

जुन्या यंत्राकडून काम कसे घ्यावे, हे दादासाहेब फाळक्यांकडे पाहावे. १९१२ साली लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्याने त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली. डोळ्यांना न दिसणारे दाखवले. आज अडॅप्टर लावून जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर सहज बसते. त्या पडद्याआडून समुद्राचे नवे काय दिसले, यावरच चित्र तोलावे.