महादजींचा प्रतिप्रश्न

१७७९ च्या जानेवारीत महादजी शिंदे यांनी इंग्रजांच्या प्रतिनिधीला दिलेले एक उत्तर ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात नोंदवून ठेवले आहे. जेमतेम एक वाक्य. मराठी मुत्सद्देगिरीत याहून देखणे वाक्य मला ठाऊक नाही.

कामशेतच्या एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला वडगाव. आज लोकलने हा टापू बघता बघता मागे पडतो. राघोबादादांना पेशव्यांच्या गादीच्या कारभारावर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज मात्र, हजारो बैलांचे लटांबर घेऊन, याच खोऱ्यातून रखडत गेली. ४ जानेवारीला कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट पडला, मावळातला ‘इष्टुर फाकडा’ तो हाच. ९ तारखेला तळेगाव गाठले, तर मराठ्यांनी ते आधीच जाळून टाकलेले. ११ च्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे वळली आणि वडगावात कोंडली गेली.

इंग्रजांच्या वतीने बोलणी करायला फार्मर आला. मराठ्यांनी तह मागितला. तो म्हणाला, तह करण्याची मुखत्यारी आमच्याकडे नाही, कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारची मंजुरी लागेल. यावर महादजींच्या उत्तराचा आशय असा: मग कर्नल अप्टनने केलेला तह ज्या अधिकाराने मोडलात, तो आम्हांला दाखवा.

या उत्तरात धमकी नाही. शत्रू चहूबाजूंनी वेढलेला, तरी तोफेचे नाव नाही की फौजेचे. फार्मरचे म्हणणे खोडलेलेही नाही; ते खरे धरले आणि त्याच्याच अंगावर उलटवले. त्यातही मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अप्टनचा उल्लेख. १७७६ मध्ये पुरंदरला तह करणारा अप्टन कलकत्त्यानेच पाठवलेला होता. म्हणजे तह मोडताना मुंबईकरांना कलकत्ता आड आले नाही, आणि तह करताना मात्र आड येते! सरकारच्या वतीने बोलणाऱ्याला एवढे एकच विचारले की पुढे त्याच्यापाशी बोलायला काही उरत नाही. कलकत्ता आणि मुंबई यांच्यातली फट महादजींनी किती बारकाईने हेरली होती, ते इथे दिसते.

१६ जानेवारीला तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करायचा, बंगालहून येणारी फौज माघारी फिरवायची, फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट ओलीस. याखेरीज इंग्रजांकडचे भडोच महादजींना द्यायचे ठरले. माझे कौतुक इथे जरा अडखळते. दौलतीसाठी इतके नेमके बोलणाऱ्याने त्याच बैठकीत स्वतःचेही साधावे, हे मनाला खटकते. पण ते वगळून महादजी पुरे होत नाहीत.

सुटका झालेल्या इंग्रजांनी शब्द फिरवला, कलकत्त्याने तह धुडकावला. युद्ध आणखी तीन वर्षे चालले. १७ मे १७८२ रोजी साल्बाईला तह झाला, तेव्हा पेशव्यांच्या वतीने बोलणारे महादजीच होते, आणि दोन्ही पक्षांनी जामीन मानले तेही महादजींनाच. भडोचही इंग्रजांनी त्यांना दिलेच. कारण लिहिले ते असे, की वडगावला ओलीस ठेवलेल्या इंग्रजांना त्यांनी माणुसकीने वागवले आणि सोडून दिले.