शब्दावरचा स्वर

प्राचीन ग्रीसमधील भावपदे ही नुसती वाचायची वस्तू नव्हे. ती ‘लायर’ या तंतुवाद्याच्या साथीने गायची. थोर कवयित्री सॅफो हिची पदे आज बहुतेक तुकड्यातुकड्यांनी उरली आहेत. चाली तर पार लोपल्या. म्हणून सेइकिलोसच्या शिलास्तंभाचे मोल मोठे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला हा स्तंभ १८८३ साली तुर्कस्तानातील आयदिनजवळ उजेडात आला. त्यावर शब्दांच्या डोक्यावर स्वरांची अक्षरे कोरलेली आहेत. पद अवघे चार ओळींचे. नुसते वाचावे तर उपदेश उथळ वाटतो: आयुष्य थोडे, शोक कशाला? पण स्वर धरून गावे, म्हणजे निवाडा फिरतो. जगण्याची गोष्ट निघते तेथे चाल पहिल्या स्वरावरून एकदम त्याच्या पंचमावर चढते. अंताची गोष्ट येते तेथे उतरत उतरत सर्वांत खालच्या स्वरावर विसावते. शब्द शोक नाकारतात, चाल तो लपवीत नाही. दोन्ही मिळून पद खरे होते. तेव्हा सॅफोचे एखादे पद वाचून कोणी त्याला हलके म्हणू लागला, तर त्याला एवढेच विचारावे: बाबा रे, चाल ऐकलीस का?