समलिंगी व्यक्तींचे समुपदेशन : नकोसेपणा कोणाचा?

समलिंगी व्यक्तींच्या समुपदेशनाचा विचार मराठीत अलीकडे सुरू झाला, असा एक समज आढळतो. वस्तुतः र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७-१९५३) मासिकातील प्रश्नोत्तरे हे त्याचेच आरंभीचे रूप होय. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयी वाचकांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांची बाजू मांडली. तरीही २०० रुपये दंड झालाच. प्रश्न विचारणाऱ्याला पापी न ठरवता माहिती देणे ही कर्व्यांची रीत. मात्र पत्रातून व्यक्ती दिसते, तिचे घर दिसत नाही. ही त्या रीतीची मर्यादा.

पुढील शास्त्रीय संशोधनानेही हीच मर्यादा जोपासली, असे म्हणावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. पण स्वतःचा लैंगिक कल स्वतःलाच नकोसा वाटणे हे निदान यादीत ठेवले. ते गेले २०२२ साली अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत. मधली तीन दशके ‘मला बदला’ ही मागणी रुग्णाचीच इच्छा मानण्यास शास्त्राची सोय होती. हा नकोसेपणा स्थळे पाहणाऱ्या वडिलांकडून आला की वर्गातील टिंगलीतून, हे त्या निदानात कोठेच विचारलेले नाही.

व्हिव्हियन कॅस यांची १९७९ ची सहा टप्प्यांची मांडणी सहानुभूतीची आहे, परंतु तिचा प्रवास स्वतःची ओळख उघडपणे स्वीकारण्याकडे जातो. सोलापुरातील विणकर कुटुंबातला विद्यार्थी महाविद्यालयात मराठी आणि घरी तेलुगू बोलतो. दोन्हीकडे त्याच्या कानी पडलेला शब्द बहुधा शिवीचाच असतो. त्याला टप्पे समजावण्यापूर्वी स्वतःविषयी बोलता येईल असा एखादा शब्द देणे अधिक निकडीचे. शिक्षण आणि निवारा ज्या घरावर अवलंबून, तेथे मौन राखणे ही अप्रगती नव्हे.

मद्रास उच्च न्यायालयातील २०२१ चे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. दोन तरुणींच्या याचिकेत न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी त्या दोघींप्रमाणेच त्यांच्या पालकांनाही समुपदेशनास पाठवले, आणि विषय समजून घेण्यासाठी ते स्वतःही मानसशास्त्रज्ञापुढे बसले. (अशी कबुली देणारे निकालपत्र विरळाच.) त्याच प्रकरणाच्या ओघात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

ही शिस्त डॉक्टरांपुरती आहे. महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात बसणारा प्राध्यापक तिच्या कक्षेत येत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ‘हितासाठी’ म्हणून पालकांना कळवली जाते. ‘लग्न करून टाका, सगळे ठीक होईल’ हा सल्लाही सद्भावनेनेच दिला जातो. त्या सल्ल्याने ज्या मुलीचे आयुष्य बांधले जाते, ती समुपदेशन कक्षात कधी आलेलीच नसते.