विवर्धकातील सुधारणा आणि तिची नोंद

अमेरिकेतील हीथकिट कंपनीचा एसबी-220 हा 1970 च्या दशकातील विवर्धक हौशी रेडिओकेंद्रांत आजही आढळतो. प्रक्षेपकाची शक्ती वाढविणाऱ्या या यंत्राच्या उच्चदाब विभागात 200 मायक्रोफॅरडचे आठ कंडेन्सर एकसर जोडलेले असून प्रत्येकास 30 किलोओहमचा रोधक समांतर दिलेला आहे. यंत्र बंद केल्यावर कंडेन्सरांतील भार वाहून जावा, हे या रोधकांचे एक प्रयोजन होय. परंतु 3,000 व्होल्ट दाबास आठही रोधकांत मिळून सुमारे 37 वॅट शक्ती उष्णतारूपाने खर्च होते. म्हणून कित्येक जण त्यांच्या जागी 100 किलोओहमचे रोधक बसवितात. उष्णता 11 वॅटांवर येते.

ही सुधारणा गुणकारी आहे, यात शंका नाही. तथापि तिचे मूल्यमापन येथेच थांबविणे एकांगी ठरेल. केवळ या रोधकांतून होणारा विसर्ग विचारात घेतल्यास मूळ रचनेत 24 सेकंदांनी दाब सुमारे 55 व्होल्टांपर्यंत उतरतो. सुधारलेल्या रचनेत तो त्या वेळी 900 व्होल्टांच्या आसपास असतो. पुस्तिकेतील आकृती मात्र जुनेच मूल्य दाखविते, आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती गेले की तो त्या आकृतीवरच विसंबतो. पोथीतील पाठ बदलून समासात नोंद न केल्यास अर्थाची हानी होते. येथे प्राणहानी संभवते. सबब नवे मूल्य व विसर्गाचा काळ आकृतीवर लिहिला जाईपर्यंत ही सुधारणा अपुरीच मानली पाहिजे. नोंद असली, तरी दाब मोजल्याविना आत हात घालणे अविचाराचेच होय.