काचेखालची मदबसा आणि ताटातला भात

व्हिएन्नात लोक वाइनच्या जुन्या तळघरात बसून श्निट्झेल खातात. बहारीनमध्ये त्या अनुभवाच्या जवळ जाणारी एक जागा मुहर्रकच्या कैसरिया बाजारात आहे: सॅफ्रन बाय जेना. इथे तळघर नाही, पण काचेच्या फरशीखाली जुनी मदबसा दिसते. मदबसा म्हणजे खजुराचा पाक गाळायची खोली. जमिनीत पन्हळी, त्यांवर खजुराची पोती एकावर एक रचलेली. वरच्या वजनानं खालच्या पोत्यांतून पाक, म्हणजे ‘दिब्स’, पाझरायचा आणि पन्हळींतून भांड्यात जमायचा. ना घाणा, ना बैल.

खाण्याबद्दल तक्रार नाही. बलालीत म्हणजे केशर-वेलचीच्या गोड शेवया आणि वर चक्क आम्लेट. पहिला घास चमत्कारिक वाटतो, दुसरा पटतो.

माझा आक्षेप या एका ठिकाणावर नाही, ‘वारसा’ म्हणून जेवण मांडायच्या एकूण रीतीवर आहे. काचेतून वस्तू दिसते, व्यवहार दिसत नाही. मुहम्मरचंच बघा ना. साखर किंवा दिब्स घालून शिजवलेला हा गोड भात तळलेल्या साफी माशाबरोबर खातात. आपला गूळभात आणि तळलेली मासळी एका ताटात! मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचं हे अन्न, असं कौतुकानं सांगतात. पण बेटावर भात पिकत नाही. तांदूळ यायचा समुद्रापलीकडून, बराचसा हिंदुस्थानातून. मोती जायचे मुंबईच्या बाजारात. बहारीनमध्ये १९६५ पर्यंत व्यवहार रुपयांत चालायचा, तो काही योगायोग नव्हे.

आणि पाणबुड्याच्या घरी तांदूळ यायचा तो बहुधा उधारीवर. हंगामाआधी तो नाखुदाकडून उचल घ्यायचा. हंगाम वाईट गेला की ती फिटायची नाही. बाप गेला तर मुलाच्या डोक्यावर यायची. १९२०च्या दशकातल्या सुधारणांनी या प्रथेला हात घातला. ऊसतोड कामगारांची उचल ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मुहर्रकचा मोतीमार्ग २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि तिथली घरं फार निगुतीनं जपली आहेत. तेवढीच निगा पदार्थांच्या इतिहासाचीही घ्यावी, एवढंच म्हणणं. मेनूकार्डावर मुहम्मरच्या खाली दोन ओळी पुरतील: तांदूळ कुठून आला, आणि त्याचे पैसे कोण फेडत होतं.